पान ५२ वरचा वायसर

४ ऑगस्ट

वाचनालयाच्या मंडळाची सभा. पहिला पाऊण तास मागच्या सभेचं इतिवृत्त बरोबर आहे की नाही यावर गेला. कार्यवाह रानडे सर निवृत्त मुख्याध्यापक, त्यांना प्रत्येक गोष्टीला सूचक आणि अनुमोदक लागतो. मला उकडत होतं म्हणून म्हटलं, पंखा लावा. सर म्हणाले, "सूचक मंदाताई. अनुमोदक?" ग्रंथपाल सुलभा म्हणाली, मी. पण ती पगारी, मंडळावर नाही, तिचं अनुमोदन चालत नाही. अध्यक्षांना सर्दी. पंखा बंदच राहिला.

मुख्य विषय खुणांचा. आपल्या वाचकांची जुनी सवय, पुस्तक वाचून झालं की ठरलेल्या पानावर आपली बारीकशी खूण करायची. पुन्हा हातात आलं की ते पान बघायचं, खूण असेल तर परत ठेवायचं. ज्याचं त्याचं पान, ज्याची त्याची खूण. अध्यक्ष धारणकर साहेबांना हे परवा कळलं. सहा वर्षं अध्यक्ष आहेत, पण पुस्तक उघडायची वेळ आली नव्हती. परवा फोटोसाठी एक हातात धरलं, फोटोवाला म्हणाला उघडा साहेब, तर पान २१ वर कुंकवाचं बोट.

"हे वाचनालय आहे की देवीचं देऊळ?"

नोव्हेंबरात सरकारी तपासणी. वरचा वर्ग मिळवायचा तर पुस्तकं स्वच्छ हवीत. ठराव झाला: सगळ्या खुणा पुसायच्या. यापुढे खूण करताना जो सापडेल त्याचं सभासदत्व रद्द, नाव सूचना फलकावर. पुसायला समिती. प्रमुख मी, कारण मी रोज येतेच. कुणीतरी हळूच म्हणालं, पुसापुशीच्या कामाला बाईच बरी. मी त्या बाजूला बघितलं तर सगळे आपापल्या कपात बघायला लागले.

मी हो म्हटलं.

५ ऑगस्ट

हो का म्हटलं ते निदान स्वतःपाशी नीट लिहून ठेवते.

ह्यांची खूण पान ५२ वर. वायसर. नटाखाली घालतात त्या चकतीसारखा, एक गोल आणि आत लहान गोल. अंबडला कारखान्यात लेथवर होते, बिल्ल्याचा नंबर ५२. मी सातवीत शाळा सोडलेली, मखमलाबादला झेंडूच्या मळ्यात वाढलेली. लग्नानंतर हे शनिवारी पुस्तक आणायचे, आधी हे वाचायचे, मग मी. पहिलं पुस्तक मला चार महिने पुरलं. मी म्हटलं दंड बसत असेल, परत करून टाका. म्हणाले, "घाई नाही. दंडाचं मी बघतो, तू मला शेवट सांग." शेवट ह्यांना माहीत होता.

हे गेले त्याला तीन वर्षं होतील. मग मी आपली आपण वाचनालयात जायला लागले. कुठलं घ्यावं कळेना. एक उघडलं, पान ५२, वायसर. तेव्हापासून तसंच. कपाटापुढे उभी राहते, पान ५२ काढते, असेल तर नेते. लग्नाआधी वाचलेलीही बरीच असणार. किती उरलीत माहीत नाही. माहीत नाही तेच बरं आहे.

मंडळात मी आले तीही गंमतच. कादंबऱ्यांच्या कपाटावरचा दिवा गेला होता, तो सांगायला सर्वसाधारण सभेला गेले. त्यांना एक महिला सदस्य हवीच होती. निवडून आले. दिवा त्यानंतर पाच महिन्यांनी लागला.

दुसरं कुणी समितीचं प्रमुख झालं असतं तर दिवाळीपर्यंत सगळे वायसर गेले असते. म्हणून हो म्हटलं. पुढचं काही सुचलेलं नाही.

११ ऑगस्ट

पुसायला सुरुवात. मी, सुलभा, रानडे सर. सरांनी आणलेला खोडरबर त्यांच्या शाळेतला असावा, दगडासारखा. पहिल्याच पुस्तकाचं पान फाटलं. "कागद निकृष्ट," म्हणाले.

काय काय सापडलं: आकड्याखाली रेघ. आकड्याभोवती चौकट. १०१ वर स्वस्तिक. तुळशीचं पान, वाळून चिकटलेलं. एका पुस्तकात शेवटी, "वाचले. नायिका मूर्ख." सुलभा म्हणाली हे राहू द्या, उपयोगाचं आहे. सर म्हणाले, "सूचक?"

पान २१ वरचं कुंकू पुसलं जात नाही, पसरतं. अर्धं पान लाल झालं. मळवट भरल्यासारखं.

वायसरवाली पुस्तकं मी माझ्याकडे ओढून घ्यायची आणि "झालं" म्हणून पुसलेल्यांच्या गठ्ठ्यात ठेवायची. त्यातली दोन मी वाचलेली नव्हती. समितीच्या कामात हा फायदा मी धरलाच नव्हता.

१९ ऑगस्ट

कादंबऱ्यांचं कपाट पुसून झालं आणि गोंधळ सुरू झाला. सकाळपासून काउंटरवर रांग. गायधनी काका, एसटीतून निवृत्त, रहस्यकथा आपटली.

"ताई, ही मी घरी नेली. निम्मी वाचली. मग आठवलं, खून माळ्यानं केलाय!"

"मग नेताना कसं नाही आठवलं?"

"पाचव्या पानावर माझी फुली असते. कुठाय फुली? फुली असती तर नेली असती का?"

रांगेतल्या एक बाई म्हणाल्या, मी एकच कादंबरी आठ दिवसांत तिसऱ्यांदा नेली. विचारलं, तिसऱ्यांदा कळलं का? "कळलं. पण रडू आलंच."

गायधनी काकांच्या मागे उभा असलेला माणूस भयंकर चिडला. तो तीच रहस्यकथा घ्यायला आला होता.

सुलभाने डबा चार वाजता उघडला. रानडे सर खूश. देवघेव वाढली आहे, अहवालात चांगलं दिसेल.

२७ ऑगस्ट

अध्यक्ष काम बघायला आले. पुसलेल्या गठ्ठ्यातून एक पुस्तक उचललं, नेमकं वायसरवालं. मी म्हटलं राहिलं असेल. त्यांनी दुसरं उचललं. तेही राहिलेलं. तिसरं. मी म्हटलं, डोळ्यांचं ऑपरेशन करायचंय. (करायचं नाहीये.)

साहेब पुस्तक घेऊन खिडकीत गेले. चष्मा कपाळावर, पान नाकाशी.

"हा वायसर आहे."

सर म्हणाले, "वर्तुळ म्हणता येईल."

"वर्तुळ नाही हो, वायसर! भोक बघा. बरोबर मध्यभागी. नुसत्या हातानं काढलंय, आणि हे बघा, ह्या पुस्तकातही तेवढंच, त्याही पुस्तकात तेवढंच. हा माणूस कारखान्यातला आहे. दुसऱ्याला हे जमायचं नाही. काय हात आहे!"

मग त्यांना आपण रागावलोय हे आठवलं. "सापडला पाहिजे. सगळ्यात जास्त खुणा ह्याच्याच."

मी मान खाली घालून चहा प्याले. आपल्या घरचं माणूस बक्षीस घ्यायला स्टेजवर चढलं की होतं तसं झालं होतं.

लग्न झालं त्या वर्षी हे ह्याच साहेबांच्या कारखान्यात लागले होते. पंधरा दिवसांत सोडून आले. म्हणाले, "तो माणूस वायसरसुद्धा मोजून देतो." आज ते सांगायला ह्यांना शोधलं. असं अजून होतं. बोलायचं तयार असतं आणि मग...

९ सप्टेंबर

गणपती. दत्तू, माझा भाऊ, मळ्यावरून फुलं घेऊन आला. "ताई, त्या पुस्तकात लय येळ जातो तुझा. मळ्यावर ये की चार दिवस. मोकळी हवा हाय." येते म्हटलं. येणार नाही हे त्यालाही माहीत. तरी दर वेळी बोलावतो, दर वेळी येते म्हणते.

सूचना फलकावर सरांच्या सुंदर अक्षरात: "वायसरसदृश खूण करणाऱ्या इसमाने स्वतःहून कार्यालयात भेटावे."

संध्याकाळपर्यंत सूचनेच्या खाली कोपऱ्यात कुणीतरी बारीक फुली केली होती. वाचून झालं म्हणून.

२२ सप्टेंबर

ह्यांची तिथी. दत्तू आणि वहिनी सकाळीच आले. खीर, वडे, गवारीची भाजी. गवार श्राद्धाला करत नाहीत म्हणे, वहिनी कुरकुरली. ह्यांना आवडायची, मी केली. मागच्या वर्षी कावळ्यानं तासभर वाट बघायला लावली होती, दत्तू गच्चीवर उभा राहून "दाजी, या ना, असं काय करता" म्हणत होता. यंदा पान ठेवलं आणि लगेच आला, खाऊन लगेच गेला. दत्तू म्हणाला, "दाजी घाईत हाय."

सगळे गेल्यावर घरात बसवेना. वाचनालयात गेले. गेल्या महिन्यात आलेल्या नव्या पुस्तकांचं शेल्फ नीट लावत बसले. एक उघडलं. सवयीनं, पान ५२.

वायसर.

पुस्तक ह्या वर्षी छापलेलं. ह्या वर्षी.

सुलभा म्हणाली, ताई पाणी देऊ का. दे म्हटलं. प्याले. पुन्हा बघितलं. होताच.

कावळा घाईत का होता ते कळलं, असं एकदा मनात येऊन गेलं. इकडे यायचं होतं.

२३ सप्टेंबर

पुस्तक घरी आणलं होतं. सकाळी उजेडात, भिंग घेऊन बघितलं.

ह्यांचा नाही. गोल थरथरलेला, भोक एका बाजूला गेलेलं. असा वायसर ह्यांनी भंगारात टाकला असता.

बरं वाटलं की वाईट ते लिहिता येत नाही. दोन्ही.

बाजूला बोटाचा पुसट लाल डाग. वास घेतला. कुंकू. म्हणजे पान २१ वाली बाई. पान २१ बघितलं, कोरं. बाईनं खूण बदलली आणि ह्यांची उचलली.

सुलभाला विचारलं, हे नवं पुस्तक कुणाकुणाकडे गेलं? म्हणाली अजून कुणाकडेच नाही, फक्त घरपोच योजनेत एकीकडे. कुणाकडे?

तिनं भिंतीकडे बघितलं. भिंतीवर अध्यक्षांचा फोटो. म्हटलं, त्यांच्या मिसेस? म्हणाली, "आई. माई धारणकर. महिन्याला आठ पुस्तकं."

आम्ही दोघी फोटोकडे बघत उभ्या राहिलो. हातात उघडं पुस्तक धरलेला, नवा फोटो.

६ ऑक्टोबर

नवरात्र. देवीसाठी झेंडू घेऊन माईंकडे गेले. साहेब घरी नसतील अशी वेळ बघूनच. माई शहाऐंशीच्या, पाय स्टुलावर, मांडीवर पुस्तक. मी आपलं नाव सांगितलं आणि ते नवं पुस्तक पान ५२ उघडून पुढे धरलं.

"तू पोलिसात आहेस?"

"नाही माई. मंडळात."

"मग तेच ते."

पण लपवलं नाही. म्हणाल्या, "कुंकू मीच लावायची. मालक गेले, कपाळाला लावायचं सुटलं. करंडा तसाच भरलेला. टाकायचा कशाला? वाचून झालं की पुस्तकाला एक बोट. मग हा एकदा जेवताना सांगतो, कोण अडाणी बाई पुस्तकांना कुंकू फासते, हाकलणारे तिला. मी त्याला आमटी वाढत होते. पुन्हा वाढली, तोंड बंद व्हावं म्हणून."

"आणि हा वायसर?"

"तो गोलवाला ना? त्याला मी ओळखते. म्हणजे बघितलेला नाही, पण वीस वर्षं त्याच्या मागनं वाचतेय. ज्यावर त्याचा गोल असेल ते पुस्तक खुशाल घ्यावं. म्हटलं, इतक्या वर्षांत तो सापडला नाही, त्याच्या नावावर माझंही खपून जाईल. कोण आहे गं तो?"

"माझे मिस्टर."

माई एकदम सरळ बसल्या. "मग त्याला विचार, ते दोन बहिणींचं जाडजूड पुस्तक, त्याला का केलीस म्हणावं खूण? सहाशे पानं वाचली मी. शेवटी काही होतच नाही."

"ते गेले माई. तीन वर्षं झाली."

माईंनी मांडीवरचं पुस्तक मिटलं. मग म्हणाल्या, "म्हणजे मी गेलेल्या माणसावर आळ घातला."

"चालेल त्यांना."

"तुला काय माहीत?"

"खूण ते फक्त पुरं वाचलं म्हणून करायचे, चांगलं म्हणून नाही. ते जाड पुस्तक त्यांनाही नव्हतं आवडलं. मला म्हणाले होते, तू ह्यात पडू नको."

माई हसायला लागल्या. हसता हसता पदर डोळ्यांना. "वीस वर्षं! आणि मी समजत होते, काय चोखंदळ माणूस आहे."

निघताना हात धरला. "ह्याला सांगू नकोस. पुस्तकं बंद झाली तर मला दिवसभर सूनबाईबरोबर सीरियल बघावी लागेल. त्यातली माणसं मरत पण नाहीत गं."

शब्द दिला.

२० ऑक्टोबर

सभा. मी शेल्फवर परत ठेवलेलं ते नवं पुस्तक अध्यक्षांनी टेबलावर ठेवलं. पान ५२. "इसम अजून सक्रिय आहे. आणि बघा, आता हात बिघडलाय त्याचा. घाबरलाय."

ठराव मांडला: दिवाळीआधी सगळे वायसर पुसायचे. आपल्या समितीला जमत नसेल तर बाहेरची माणसं लावायची. जी पुस्तकं स्वच्छ होणार नाहीत ती रद्दीत. सर म्हणाले, "सूचक अध्यक्ष. अनुमोदक?" एक हात वर गेलाही.

मी उभी राहिले. बोलायचं ठरवलेलं नव्हतं.

"वायसर पुसायचे नाहीत. ते माझ्या मिस्टरांचे आहेत."

वर गेलेला हात खाली आला. मग सर, हळू आवाजात, "इतिवृत्तात मिस्टर लिहू की पती?"

अध्यक्ष म्हणाले, "मंदाताई, पण ते तर... तीन वर्षं झाली ना? मग हा नवा?"

मी गप्प. माईंना शब्द दिलेला. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि बघता बघता त्यांचे चेहरे मऊ झाले. ही बाईच करते, नवऱ्याच्या आठवणीत, बिचारी. मला दिसत होतं कसं एकेकाच्या डोक्यात शिरतंय ते. नाही म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग कोण? म्हणून बिचारी झाले. सोपं नाही ते. मान एका बाजूला कलती ठेवावी लागते.

रानडे सर म्हणाले, नियम तो नियम. अध्यक्षांनी नाक पुसलं (सर्दी ऑगस्टपासून आहे) आणि ठरवलं: दोन्ही विषय १७ नोव्हेंबरच्या सर्वसाधारण सभेत घ्यायचे. खुणा ठेवायच्या की पुसायच्या, आणि मी सभासद राहायची की नाही. तोवर कुणी काही पुसायचं नाही.

घरी आले, खिचडी टाकली. सभासदत्व गेलं तर कार्ड जाईल. कार्ड ह्यांच्याच नंबरवर आहे. तेव्हा लक्षात आलं नव्हतं.

२२ ऑक्टोबर

मंडळाचं पत्र. वरच्या परिच्छेदात, "आपल्या पतीच्या निधनाबद्दल मंडळ तीव्र शोक व्यक्त करते." खालच्या परिच्छेदात, "आपले सभासदत्व रद्द का करण्यात येऊ नये याचा खुलासा करावा." एकच सही.

दुखवटा तीन वर्षांनी, पण आला. मुलीला पुण्याला फोनवर वाचून दाखवला. आधी ती चिडली, मग हसली, मग तिला रडू आलं, मग म्हणाली, बाबांनी फ्रेम करून लावला असता. लावला असता.

२५ ऑक्टोबर

दुपारी दार वाजलं. अध्यक्ष. एकटे, हातात माईंची पुस्तकाची पिशवी.

बसले. पाणी प्याले. पंख्याकडे बघितलं, मी लावला.

"आईनं सांगितलं. मी जेवताना तुमचं सांगत होतो, ती बिचारी बाई वगैरे. तिनं ताट सरकवलं. म्हणाली, बिचारी तुझी आई. मग सगळं."

मी त्यांच्या हातातली पिशवी घेतली.

"म्हणते माझं कार्ड रद्द कर. फलकावर नाव लाव, आणि धारणकर मोठ्या अक्षरात काढ."

"मग?"

"मग म्हणते, उद्यापासून रोज संध्याकाळी तू मला वाचून दाखव. मी नुसतं ऐकेन. ऐकलेल्याला खूण करायची म्हणून नियमात कुठं लिहिलेलं नाही."

हसू आवरायला मी चहा ठेवायला उठले. आतूनच विचारलं, कसं चाललंय?

"तीन दिवस वाचतोय. घाईनं वाचलं की पहिल्यापासून वाचायला लावते. काल म्हणाली, त्या बाईचं पोर आजारी आहे आणि तू कोटेशन वाचल्यासारखं काय वाचतोस." मी चहा पुढे ठेवला, त्यांनी बशीत ओतला. "मंदाताई, लवकर संपणारं एखादं द्या. आणि त्यांची खूण असलेलं. आई म्हणते बिनखुणेचं आणू नको."

वायसर पुसायला निघालेला माणूस वायसरवालं पुस्तक मागायला माझ्या दारात. ह्यांना हे सांगायला मी काय दिलं नसतं.

एक बारीकसं काढून दिलं, मी नुकतंच वाचून संपवलेलं. पान ५२ उघडून त्यांनी खात्री केली. अंगठा त्यावरून फिरवला. म्हणाले, "कुठल्या कारखान्यात होते हो?"

सांगितलं. तुमच्याकडेही होते, पंधरा दिवस, हेही सांगितलं.

"मग सोडलं का?"

"आठवत नाही," म्हटलं. आज पहिल्यांदा मला त्यांची दया आली होती.

१७ च्या सभेबद्दल ते बोलले नाहीत. मीही नाही.

३ नोव्हेंबर

भाऊबीज. दत्तूला ओवाळलं. त्यानं साडी आणली आणि वर एक पुस्तक. चक्क. शहरात फुलं घालायला आला तेव्हा पदपथावरून घेतलं म्हणे. "तुला आवडंल का माहीत नाय. जाड हाय म्हणून घेतलं."

दोन बहिणींचं. तेच. सहाशे पानं, शेवटी काही होत नाही.

लय आवडलं म्हटलं.

सुलभा सांगत होती, अध्यक्ष आठवड्यात दोनदा स्वतः काउंटरवर आले. दुसऱ्यांदा विचारत होते, ह्या बाईचं पुढे काय झालं, दुसरा भाग आहे का? नाही म्हटल्यावर म्हणाले, असं कसं, मध्येच सोडलंय. सुलभा म्हणाली, साहेब, कादंबरी तिथंच संपते. "मग तक्रार कुणाकडे करायची?"

तपासणी पुढे गेली. अधिकारी निवडणुकीच्या कामाला लागलेत. सर हळहळले, आपण एवढं पुसलं होतं.

१० नोव्हेंबर

सभा पुढच्या रविवारी. विषयपत्रिका लागली. विषय क्र. ४, पुस्तकांवरील खुणा. क्र. ५, मी. सरांनी कोण कुठल्या बाजूला ते आधीच विचारून ठेवलंय. गायधनी काका फुलीसाठी शेवटपर्यंत लढणार आहेत. तो रहस्यकथेचा शेवट कळलेला माणूस निव्वळ गायधनी काकांना विरोध म्हणून दुसऱ्या बाजूला. सर म्हणतात समसमान होणार आणि मग अध्यक्षांचं निर्णायक मत. अध्यक्षांना विचारलं तर म्हणतात, सभेत बघू. चेहऱ्यावरून काही कळत नाही. कारखाना चालवलेला माणूस.

मी खुलासा लिहायला बसले होते. "माझे पती" इथपर्यंत लिहिलं. मग चुलीवर दूध होतं... गॅसवर. अजून चूल लिहिते मी. ते उतू गेलं.

संध्याकाळी माईंकडून पुस्तकं परत आली. चार होती. तीन जुनी. एक अगदी नवं, दिवाळीआधी घेतलेलं, अजून कुणाच्याच हाती न गेलेलं. सुलभा म्हणाली, हे पहिल्यांदाच बिनखुणेचं नेलं त्यांनी. साहेबांनी स्वतः निवडलं.

पान ५२ उघडलं.

खिडकीत नेलं. माईंचा हात थरथरतो, हा नाही थरथरलेला. पेन्सिल इतकी दाबलेली की पान ५० वर उमटलंय. आणि भोक बरोबर मध्यभागी.

सुलभानं मागून विचारलं, "ताई, काय आहे? पुसायचंय का?"

"खोडरबर सरांकडे आहे," म्हटलं.

पुस्तक माझ्या कार्डावर घेतलं, कार्ड आहे तोवर. बाहेर निघण्याआधी बाकीचीही पानं चाळून बघितली. २१, १०१, शेवटचं. कुठं काही नाही. तेवढा एकच. मोजून दिलेला.